हाजींच्या बंदुकीची खंडेनवमी

बहरैनमधल्या हिद्दच्या त्या घरात राहायला गेलो तेव्हा आईने पाणी किती वेळ येतं हे विचारलं नाही, की शाळेची बस कुठे थांबते हे विचारलं नाही. "मासळीवालो दारार येता मां?" एवढंच तिला हवं होतं. येतो म्हटल्यावर तिने पदर खोचला आणि घर आपलं म्हणून टाकलं. घर कसलं, एका मोठ्या अंगणाच्या एका बाजूच्या दोन खोल्या. पलीकडच्या बाजूला घरमालक बू राशिद, त्याची बायकोमुलं आणि त्याचे वडील राहायचे. वडिलांना सगळी गल्ली हाजी म्हणायची, म्हणून आम्हीही हाजी म्हणायचो. बाबा जवळच्याच वर्कशॉपमध्ये टर्नर होते. बोटींच्या इंजिनांचे शाफ्ट, पंख्यांची बुशिंगं, जे काय झिजलं-तुटलं असेल ते त्यांच्या लेथवर यायचं. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या केसांत पितळेचा भुसा चमकत असायचा आणि आई त्यांना आधी दारातच वाकायला लावून डोकं झटकून घ्यायची.

तिकडे पुरुषाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बू राशिद म्हणजे राशिदचा बाप. बाबांना मुलगा नव्हता, मी एकटीच. गावी आजी प्रत्येक सुट्टीत "एक तरी झील व्हयो होतो" म्हणून उसासे टाकायची. हिद्दमध्ये मात्र कुणी उसासे टाकले नाहीत. बाबा सरळ 'बू नंदा' झाले. वर्कशॉपच्या मुकादमापासून खबूसच्या रोट्या भाजणाऱ्या इराण्यापर्यंत सगळे बाबांना माझ्या नावाने हाका मारायचे, आणि माझं नाव असं गल्लीभर फिरत असल्यामुळे मी जरा जास्तच टेचात वाढले. आमचे हे म्हणतात तो टेच अजून गेलेला नाही. जाऊ दे, त्यांना कोण विचारतं.

दोन्ही घरांच्या चुली एकमेकींना वास पाठवायच्या. गावाहून आणलेली सोलं संपली की आई सारात लूमी घालायची. लूमी म्हणजे वाळून काळं ठिक्कर पडलेलं लिंबू, ते बू राशिदच्या बायकोने पहिल्यांदा दिलं तेव्हा आईला वाटलं कुजकंच दिलं. मग एकदा घालून बघितलं आणि नंतर सोलं असली तरी घालायला लागली. आमच्याकडून वडे जायचे, तिकडून मच्छीभाताची परात यायची. रिकामी थाळी परत करायची नाही हा नियम आमच्या गावचा आणि त्यांच्याही गावचा, त्यामुळे ते जेवणखाण कधी थांबूच शकलं नाही. दुपारी हाजींचा रेडिओ, संध्याकाळी खुराड्यातल्या कबुतरांची घुमघुम आणि या सगळ्यावर आईचा आवाज. आई हळू बोलते असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

हाजींची एक बंदूक होती. एकनळी, लाकडी दस्त्याची, दस्त्याला गाल टेकून टेकून एका बाजूने तुळतुळीत झालेली. तरुणपणी ते हिवाळ्यात उतरणाऱ्या रानबदकांच्या मागे असत. तेव्हा परवाने काढून अशी शिकार चालायची, आता कुणी नावही काढत नाही, आणि ते बरंच आहे. मी सांगते त्या वर्षी हाजींची दृष्टी अधू झाली होती. माणूस अंगणात आला की ते त्याला चपलेच्या आवाजावरून ओळखायचे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत एवढंही दिसणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून त्यांनी बू राशिदकडे एकच हट्ट धरला. एकदा बदकांना जायचं, आणि आपलीच बंदूक घेऊन जायचं. झल्लाकच्या बाजूला बू राशिदच्या एका मित्राची बाग होती, तिच्यात बांधलेलं तळं होतं, बदकं तिथे उतरत. बू राशिदने खपून सगळी परवानगी मिळवली. बंदुकीचा एक स्क्रू ढिला झाला होता, तो बसवून द्यायला ती बाबांकडे आली, आणि नेमकी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात येऊन पडली.

आता आईचं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूचं. तिच्या वडिलांकडे शेताच्या राखणीची ठासणीची बंदूक होती आणि दर खंडेनवमीला ती कोयता-कुऱ्हाडीच्या बरोबरीने पाटावर बसायची. बहरैनला आल्यापासून आईच्या पाटावर बाबांचे कॅलिपर, रीमर, टूलबिटं, तिची विळी आणि माझी कंपासपेटी एवढंच असायचं, आणि दर वर्षी ती म्हणायची, "पूजा झाली, पण हत्यार खंय आसा?" त्या वर्षी हत्यार स्वतःच्या पायांनी आलेलं. तिला राहवेना. पण वस्तू दुसऱ्याची, माणसं दुसऱ्या धर्माची. शेवटी तिने मला पुढे घातलं, कारण गल्लीतलं अरबी मलाच येत होतं. मी हाजींसमोर उभी राहून अडखळत सांगितलं की आमच्यात या दिवशी अवजारं पुसून ठेवतात, फुलं वाहतात, त्या दिवशी त्यांना काम देत नाहीत. हाजी हसले. म्हणाले, "म्हणजे माझ्यापेक्षा तिला जास्त मान. वाहा फुलं. पण रंग लावू नका, आणि नमस्कार तुमच्या देवाला करा, बंदुकीला नको." मी येऊन सांगितलं. आईला ते लगेच पटलं. "बरोबर आसा. नमस्कार देवाक, फूल हत्याराक." शिवाय बंदूक कायम उघडून ठेवायची, आत काही नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे, हा हाजींचा नियम होता. तोही आईने मान्य केला.

तर नवमीला पाट मांडला गेला. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर. भाज्या आदल्या दिवशीच चिरलेल्या, कारण विळी पूजेत. बंदूक सांध्यात उघडून पाटावर आडवी, तिला झेंडूची माळ. पूजा सुरू करताना आईने आधी गणपती मांडला. गणपती म्हणजे सुपारी, गावाहून आणलेली, लहानखुरी, वर्षानुवर्षं पूजेत बसून गुळगुळीत झालेली. पाटावर जागा उरली नव्हती म्हणून तिने बंदुकीच्या उघड्या सांध्यापाशी जरा सपाट बघून विड्याची पानं ठेवली आणि त्यावर गणपती बसवला. आरती झाली. बाबांनी देवाला नमस्कार केला आणि लेथवरचं काम चुकल्यासारखे इकडेतिकडे करत राहिले.

तिसऱ्या प्रहरची, अस्रची अजान झाली आणि बू राशिद दारात. "बू नंदा, कल फजर के बाद जाएगा. बंदूक दो, यल्ला."

बाबांनी आईकडे पाहिलं. पूजेतलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवत नाहीत. दसरा उद्या, आणि बू राशिदला बंदूक आत्ता हवी. मला वाटलं आता आई तिच्या खास आवाजात काहीतरी बोलेल. पण हाजींचा हट्ट तिला ठाऊक होता. ती म्हणाली, एवढ्या एकाच हत्याराची उत्तरपूजा आत्ता करते, बाकीची उद्या. तिने अक्षता वाहिल्या, पुनरागमनाय वगैरे पुटपुटली, आणि रीतीप्रमाणे हलवायचं म्हणून बंदूक दस्त्याकडून जराशी उचलली. पानं सरकली. गणपती सरकला. उघड्या नळीचं मागचं तोंड समोरच होतं.

तो आवाज मी अजून काढून दाखवू शकते. गडगडगडगड, लांबलचक, आणि मग ठक.

"देवा म्हाराजा! गणपती नळयेत गेलो!"

बू राशिदला काही कळेना. मी त्याला सांगितलं की आमचा देव तुमच्या बंदुकीत गेला आहे. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा बंदुकीकडे बघितलं आणि एवढ्या मोठ्या माणसाने अंगणात बसकण मारली हसता हसता. माझ्या मुलीला ही गोष्ट सांगितली की ती अजून म्हणते, "वेट, आई, यू गॉट गॉड स्टक इन अ गन?" मी म्हणते, हो गं बाई, आणि तुझ्या आजीने त्याला बाहेर काढेपर्यंत घरात कुणाला चहा मिळाला नाही.

बाबांनी मोडक्या छत्रीच्या दांडीला फडकं गुंडाळलं, पुढच्या तोंडातून घातलं आणि गणपती मागे ढकलत आणला. तो आईच्या ओंजळीत पडला, आईने धुऊन पुसून देव्हाऱ्यात नेला. पण बाबा तिथेच बसून राहिले. टर्नर माणूस, त्यांच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. सुपारी मागून एवढी सरळ गेली, मग बाहेर का पडली नाही? तोंडापासून वीतभर आत का अडकली? बू राशिदला ते माहीत होतं. तो म्हणाला, या बंदुकीचं तोंड आवळलेलंच असतं, त्याने छर्रे पांगत नाहीत, लांबचं बदक पडतं. हाजींनी मुद्दाम असली घेतली होती. आणि त्याने खिशातून नवी काडतुसं काढून कौतुकाने दाखवली. बागेच्या मालकाच्या भावाने अमेरिकेहून आणलेली. आत शिशाचे छर्रे नाहीत, पोलादाचे. मालक ससाणे पाळणारा होता. त्याचा लाडका ससाणा शिसं लागलेला पक्षी खाऊन मेला होता, तेव्हापासून त्याच्या तळ्यावर शिसं बंद. पोलाद वापरा नाहीतर येऊ नका.

बाबांनी एक काडतूस मागून घेतलं आणि बू राशिदच्या चाकूने उघडलं. छर्रे ताटात ओतले, ते टणटण नाचले. मग बू राशिदने घरातून एक जुनं काडतूस आणलं, त्यातलं शिसं ताटात थपथप पडलं. बाबांनी शिशाचा दाणा दातांत धरून चावला, त्याच्यावर खळगा पडला. पोलादाचा चावला, तर दातच कळवळला. आईने "तोंडात काय घालतास ता!" म्हणून त्यांच्या पाठीत हलकासा धपाटा घातला आणि चूळ भरायला लावली.

"ये सीसा नहीं है, बू राशिद," बाबा तोंड पुसत म्हणाले. "सीसा दबता है, छोटा होके निकल जाता है. ये दबेगा नहीं. पुराना नली है, नरम है. मुँह पे फूल जाएगा."

"पक्का?"

"पक्का नहीं मालूम. शायद कुछ नहीं होगा. शायद एक ही बार में खलास."

बू राशिदने काडतुसांचा डबा पुढे केला. डब्यावर बाराचा आकडा, बंदुकीवरही बाराचा आकडा. मग अडचण काय? मफी मुश्किला, अडचण नाहीच. बाबा काही बंदुकांचे जाणकार नव्हते. तेवढ्यात आई देव्हाऱ्यापासून म्हणाली, "सोऱ्याचा झाला तसाच होतला." गेल्या दिवाळीला चकलीच्या पिठात डाळीचा एक कच्चा दाणा राहिला होता, तो सोऱ्याच्या तोंडाशी अडकला आणि आईने हट्टाने दाबल्यावर पितळेचा सोऱ्या उभा चिरला होता. त्या चकल्या बू राशिदनेही खाल्ल्या होत्या. मी भाषांतर केलं. त्याने डबा मागे घेतला.

मग त्याला तोड सुचली. बाबांकडे लेथ आहे, भोक रुंदावायचे रीमर आहेत. आत्ताच्या आत्ता तोंड मोठं करून द्यावं. बाबांनी पाटाकडे पाहिलं. रीमर पूजेत. "आज नहीं होगा. और काटा तो वापस नहीं आता, बू राशिद." तिथे तो चिडला. मी त्याला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाला, "तुम्हारा पूजा के वास्ते मेरा बाप घर में बैठेगा?"

बाबांची मान खाली गेली. मला बू राशिदचा राग आला, आणि आमच्या पूजेची लाजही वाटली. पंधराव्या वर्षी मला बाबांच्या हिंदीची, आईच्या आवाजाची, सगळ्याचीच लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की मी देव्हाऱ्याचं दार लोटून घ्यायचे. अशा वेळी आई काय करते इकडे माझं लक्ष होतं. ती पाटापाशी गेली, हात जोडले, आणि रीमरवरचं फूल उचलून बाजूला ठेवलं. "घ्या. देव रागावचो नाय. म्हाताऱ्याचा मन मोडू नकात." तिच्या वडिलांच्या घरात जे कधी मोडलं नव्हतं ते तिने दुसऱ्याच्या वडिलांसाठी एका वाक्यात मोडलं. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

पण आता बाबांना पूजेचा आडोसा उरला नाही. त्यांनी रीमर हातात घेतला, परत ठेवला आणि म्हणाले, "जिसका है, उसको पूछेगा."

आम्ही सगळे अंगण ओलांडून हाजींकडे गेलो. बू राशिदने सगळं सांगितलं, खरं तेच सांगितलं. पोलादाने बंदूक बिघडू शकते. तोंड कापलं तर चालेल बहुतेक, पण मग ती पूर्वीची राहणार नाही. हाजींनी बंदूक मांडीवर घेतली. करंगळी नळीच्या तोंडात घालून ती आत हळूहळू फिरवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, नको म्हणा, नको म्हणा.

"आयुष्यभर हिने शिसं खाल्लं," हाजी म्हणाले. "म्हातारपणी हिचे दात कशाला पाडता? कापू नका. आणि ते नवं खाणंही घालू नका."

"मग उद्याचं रद्द करू, युब्बा?" बू राशिदचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. युब्बा म्हणजे बाबा.

"रद्द कोण म्हणालं? मित्राची बंदूक तू घे. ही माझ्याबरोबर येईल. आणि ज्यांचा देव हिच्यात राहून आला, तेही येतील."

म्हणून दसऱ्याच्या पहाटे मी आणि बाबा झल्लाकच्या वाटेवर बू राशिदच्या जीपमध्ये होतो. आईने सोबत वड्यांचा डबा दिला होता, थर्मासमध्ये वेलचीचा चहा. आज त्या रस्त्याला हॉटेलं आणि रोषणाई आहे, मी जाते तेव्हा बाग नक्की कुठे होती ते मला सापडत नाही. तेव्हा वाळू, खजुरी आणि गारवा होता. तळ्याच्या काठाला बोरू वाढला होता, त्याच्यामागे आम्ही बसलो. मालकाने आपली नवी बंदूक बू राशिदला दिली, ती पोलादासाठीच बनवलेली होती. हाजी खुर्चीवर बसले, आपली बंदूक गुडघ्यांवर, रिकामी. वडा खाऊन त्यांनी बोटं रुमालाला पुसली, दस्त्याला तेल लागू नये म्हणून.

बदकं येण्याआधी त्यांच्या पंखांचा आवाज येतो, कुणीतरी दूर रेशमी कापड फाडावं तसा. हाजींना तो आमच्या आधी ऐकू आला. त्यांनी बंदूक मिटली, खांद्याला लावली, गाल त्या तुळतुळीत जागी टेकवला, आणि आवाजाच्या मागे नळी फिरवत नेली. इतकी सावकाश, इतकी गोल. आणि तोंडाने म्हणाले, "डुम."

त्याच वेळी बू राशिदची खरी बंदूक कडाडली. काही पडलं नाही. हाजी म्हणाले, "माझं पडलं." पुढचा थवा आला. डुम. कडाड. पुन्हा काही नाही. "माझं दुसरं." मी ओठ चावून हसू दाबत होते, बाबा दुसरीकडे बघत होते, बू राशिद घामाघूम. नवी बंदूक त्याच्या हातात बसत नव्हती आणि वडिलांचा हिशोब वाढत होता. शेवटी एकदाचं त्याचं एक बदक पडलं, तर हाजी म्हणाले, "त्याला मी आधीच मारलं होतं, तू फक्त खाली आणलंस."

ऊन वर आलं. आता जायचं असं म्हणत असतानाच एक एकटं बदक खालून, अगदी जवळून, तळ्यावर सरळ आमच्याकडे आलं. चुकणं शक्य नव्हतं. हाजींची नळी फिरायला लागली होती. बू राशिदने बंदूक खांद्याला लावली, एकदा वडिलांकडे पाहिलं, आणि ती खाली घेतली. हाजी म्हणाले, "डुम." आणि त्यांच्या मागोमाग बू राशिदही, दाढीमिशांचा, घरमालक, चार मुलांचा बाप, तोंडानेच म्हणाला, "डुम."

बदक आमच्या डोक्यावरून गेलं. त्याचं पांढरं पोट आणि पंख मला स्पष्ट दिसले.

हाजींनी बंदूक गुडघ्यांवर ठेवली. "पडलं?"

"पडलं, युब्बा."

"मग बसलास काय? जा, घेऊन ये."

बू राशिदने एक क्षण वर बघितलं, जिथे ते बदक अजून दिसत होतं. मग त्याने झगा गुडघ्यांपर्यंत उचलून धरला आणि शोधायला पाण्यात उतरला.